तुम्ही विचारलंत म्हणून: ‘वुदरिंग हाइट्स’ला प्रेमकथा म्हणायचं का?

रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत, जिथे पुस्तकांचा विषय निघतो तिथे हा प्रश्न येतोच: एमिली ब्राँटेची ही 1847 सालची कादंबरी तुम्ही ज्याला-त्याला वाचायला सांगता, पण एवढा छळ, एवढा सूड, ही कसली प्रेमकथा? विचारणारे निम्मे तिच्या नायकावर, हीथक्लिफवर, भाळलेले असतात, उरलेल्यांना त्याचं नाव काढलेलं खपत नाही. एकदाच सविस्तर लिहिते.

दोन्ही बाजूंचे बहुतेक जण सोळाव्या प्रकरणाशी थांबलेले असतात. हीथक्लिफ ज्या घरात अनाथ म्हणून वाढला, त्या घरची मुलगी आणि त्याचं प्रेम असलेली कॅथरिन तिथे मरते. प्रकरणं 34 आहेत, म्हणजे निम्म्याहून जास्त कादंबरी पुढेच आहे, आणि त्या भागाबद्दल कुणी बोलत नाही.

आधी नववं प्रकरण नीट वाचा. स्वयंपाकघरात कॅथरिन घरातल्या कामवालीला, नेलीला, सांगते आहे की, शेजारच्या श्रीमंत एडगर लिंटनला तिने लग्नासाठी होकार दिला. कॅथरिन जमिनीवर बसलेली, मधे उंच पाठीचं बाक, आणि पलीकडे भिंतीशी हीथक्लिफ. तिला तो दिसत नाही. आता हीथक्लिफशी लग्न करणं आपल्याला कमीपणा आणणारं ठरेल, असं ती म्हणते. तेवढं ऐकून तो उठतो आणि आवाज न करता बाहेर पडतो. त्याच्यावर आपलं किती प्रेम आहे, तो आणि आपण वेगळे नाहीच, हे ती लगेच पुढे बोलते, पण ऐकायला तो तिथे नसतो. याला लोक गैरसमज म्हणतात. पूर्वी मीही तेच म्हणत असे, पण आज मला ते पटत नाही. त्याने जे ऐकलं तेही खरंच होतं. तिने होकार दिलेला होता. वर लिंटनच्या पैशातून हीथक्लिफला आपल्या भावाच्या, हिंडलीच्या, जाचातून सोडवायचा बेतही तिच्या डोक्यात होता. हे त्याने ऐकलं असतं तर तो थांबला असता का? मला नाही वाटत.

आणि नेली? ती त्याला उठून जाताना बघते आणि गप्प राहते. घरातल्या म्हाताऱ्या गड्याच्या, जोसेफच्या, गाडीचा आवाज आला म्हणून कॅथरिनला गप्प करते. त्याने बरंचसं ऐकलंय हे रात्री जेवणाच्या वेळी तिच्या कानात सांगते, तोवर तो गेलेला असतो. तीन वर्षांनी परततो तो पैसा घेऊन. कुठून आणला, हे कादंबरी सांगत नाही. ही सगळी हकीकत आपल्याला सांगते कोण, तर नेलीच. साक्षीदारच वादातला पक्षकार आहे, हे डोक्यात ठेवून वाचा.

आता सूड. हीथक्लिफ सुरा काढत नाही, कागद काढतो. हिंडली जुगारासाठी जमीन गहाण टाकत जातो, आणि गहाण घेणारा असतो हीथक्लिफ. हिंडली मेल्यावर त्याचा मुलगा हॅरटन स्वतःच्या घरात बिनपगारी गडी होतो. मग एडगरची इस्टेट. त्याच्या बहिणीशी, इझाबेलाशी, हीथक्लिफने आधीच लग्न केलेलं असतं. पुढे आपल्या आजारी मुलाशी एडगरच्या मुलीचं लग्न तो जबरदस्तीने लावतो. त्या काळी इंग्लंडमध्ये बायकोची जंगम मालमत्ता नवऱ्याची होत असे. तिथला कायदा 1882 मध्ये बदलला. मुलीचा हिस्सा विश्वस्तांच्या हाती सुरक्षित ठेवावा म्हणून मरणाच्या दारातला एडगर वकिलाला बोलावतो. वकील फितलेला असतो. तो मुद्दाम उशिरा येतो, तोवर एडगर गेलेला असतो. हे सगळं कायद्याला धरून इतकं चोख आहे की, 1926 मध्ये चार्ल्स सँगर या वकिलाने त्यावर एक अख्खा निबंध लिहिला.

पडवीच्या हिश्शावरून सख्खे भाऊ कोर्टात उभे राहतात, बहिणींना हक्कसोडपत्रावर सही करायला बसवलं जातं, ते आपलंच कोकण ना? मग इथल्या वाचकाने ‘वेड्या प्रेमाची गोष्ट’ म्हणून पुस्तक मिटावं, याचा मला खरंच राग येतो. हीथक्लिफवर भाळणाऱ्यांनी हॅरटनचा पगार कुणी बुडवला ते बघावं. ‘नुसता द्वेष आहे’ म्हणणाऱ्यांनी बघावं की, तो द्वेष किती शहाणपणाने, मुदती सांभाळून केलेला आहे.

वाचताना एका कागदावर दोन घरांच्या वंशावळी काढा. कॅथरिन दोन आहेत, आई आणि मुलगी. लिंटन हे आडनावही आहे आणि हीथक्लिफच्या मुलाचं नावही. न काढल्यास विसाव्या प्रकरणानंतर हमखास गोंधळ होतो. पहिली तीन प्रकरणं लॉकवुडची, म्हणजे नेली ज्याला ही हकीकत सांगते त्या भाडेकरूची, आहेत, ती कंटाळवाणी वाटली तरी सोडू नका. जोसेफची यॉर्कशायरची बोली मोठ्याने वाचली की सुटते.

तरी माझा हिशेब एका ठिकाणी बसत नाही. हीथक्लिफ मेल्यावर मनापासून रडतो तो एकटा हॅरटन, ज्याचं घर, शिक्षण, सगळं त्याने हिरावून घेतलं. नुसता कागदाचा सूड असता, तर हॅरटन रडला नसता. प्रेम होतं म्हणावं, तर त्याला अक्षरओळखही होऊ दिली नाही. भाळलेले म्हणतील, बघा, आमचंच खरं. मी तेही मान्य करत नाही.