दुसऱ्याच्या खात्यावरचा पूल

रविवार, रात्री साडेअकरा

लिफ्टच्या उद्घाटनाची नोटीस आज सकाळी खाली फळ्यावर लागली. तिच्यात माझे नाव नाही, आणि ते असायला हवे होते हे मी दिवसभरात कुणापाशी बोललो नाही, सुनंदापाशीही नाही. संध्याकाळी अनिकेत मालदीवचे फोटो दाखवायला आला. विमानतळाच्या बेटावरून राजधानी मालेला जाणाऱ्या पुलाचा फोटो आला तसे त्याने विचारले, "मामा, हा आपण बांधून दिलेला ना?" मी म्हटले, हा चीनच्या मदतीचा, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष यामीन यांच्या काळातला, आपल्या मदतीचा पूल वेगळा, तो सोलिह यांनी सुरू केला. "सोलिह कोण?" असे तो सहज म्हणाला, आणि मला नको इतके लागले.

इब्राहिम मोहम्मद सोलिह. २०१८ च्या फेब्रुवारीत यामीन यांनी आणीबाणी लावून सरन्यायाधीशांनाच अटक केली होती, माजी राष्ट्राध्यक्ष नशीद परदेशात आणि निवडणुकीला अपात्र होते, तेव्हा सगळ्या विरोधकांनी मिळून १९९४ पासून संसदेत असलेला हा मृदुभाषी माणूस पुढे केला आणि सप्टेंबरात तो ५८ टक्के मते घेऊन राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला. यामीन यांनी तो पूल मतदानाच्या महिनाभर आधीच खुला केला होता. लोक पुलावरून गेले आणि मत मात्र सोलिह यांना देऊन आले, याचे मला तेव्हा फार कौतुक वाटले होते. पूल बांधला म्हणून लोक दडपशाही विसरत नाहीत, असे मी याच टेबलावर तावातावाने सांगितल्याचे आठवते. २०२३ मध्ये त्याच लोकांनी सोलिह यांना घरी बसवले, तेव्हा मात्र मला ते कृतघ्न वाटले.

काय चुकले त्यांचे? पर्यटनावर जगणारा देश २०२० च्या मार्चमध्ये बंद करावा लागला आणि त्यांनी तो जुलैत पुन्हा उघडला. प्राप्तिकर आणला, तो कुणालाच आवडत नाही. भारताशी जवळीक केली, भारतविरोधी 'इंडिया आउट' मोहिमेवर बंदी घातली. ती बंदी मला तेव्हाही पटली नव्हती, पण तो विषय आज नको. खरे दुखणे घरातलेच असावे. नशीद हे बालमित्र, शिवाय पत्नीचे नातलग. पक्षांतर्गत निवडणुकीत सोलिह यांच्याकडून हरल्यावर त्यांच्या गटाने वेगळी चूल मांडली. पहिल्या फेरीत सोलिह यांना ३९ टक्के आणि त्या नव्या पक्षाला ७ टक्के मते पडली. पुढे जिंकलेल्या मुइझ्झू यांना पडली ४६. मी ही बेरीज आज पुन्हा कागदावर मांडली, जणू ती माझ्याच सोसायटीच्या सभेतली मते होती.

भारताच्या मदतीचा पावणेसात किलोमीटरचा पूल सोलिह पायउतार झाले तेव्हा अर्धवटच होता. काय चुकले, हे मी चौथ्यांदा लिहितो आहे असे वाटून मागची पाने चाळली, तर एकदाच लिहिले आहे. उरलेले तीनदा मनात.

मग एक गोष्ट लक्षात आली आणि एकट्यालाच हसू आले. २००८ च्या राज्यघटनेने तिथे राष्ट्राध्यक्षाला दोन कार्यकाळांची मुभा दिली आहे, पण नशीद, वहीद, यामीन, सोलिह यांपैकी एकालाही दुसरा मिळालेला नाही. म्हणजे सोलिह यांना वेगळी अशी कोणती शिक्षा झाली नाही. आणि ज्या चिनी पुलाने यामीन यांना तारले नाही, तो बांधला गेला तेव्हा गृहनिर्माण व पायाभूत सुविधा खात्याचे मंत्री होते मुइझ्झू. पुलाचे मत पाच वर्षे उशिरा पडले आणि तेही भलत्याच्या खात्यावर.

निकालाच्या रात्रीच सोलिह यांनी मुइझ्झू यांचे अभिनंदन केले होते. मला गेल्या वर्षी सभा संपल्यावर तेवढे जमले नव्हते. मी खुर्च्या आवरायचे निमित्त करून मागे राहिलो होतो.

पुढच्या रविवारी नारळ फोडताना हजर राहावे म्हणतो. सुनंदाचे गुडघे पाहता खाली जिन्याने उतरू आणि वर येताना लिफ्टने येऊ.