स्कायरिम पायी: रिफ्टची उतरंड झाली, ब्लॅकरीच झालं, आता पश्चिम

नियम आधी सांगते, म्हणजे पुढे गोंधळ नको. ‘स्कायरिम’ या व्हिडिओ गेमची २०१६ची स्पेशल एडिशन, दृश्यं सजवणारा एकही मॉड (चाहत्यांनी केलेला फेरफार) नाही. भूक-थंडी लावणारा सर्व्हायव्हल मोड चालू, त्यामुळे फास्ट ट्रॅव्हल, म्हणजे नकाशावरून थेट पोचणं, आपोआप बंद. शहरांबाहेर घोडागाड्या मिळतात, त्यांतही बसायचं नाही. सेटिंगमध्ये जाऊन पडद्यावरच्या सगळ्या खुणांची ठळकता शून्यावर आणली आहे. होकायंत्र नाही, बाणाची नेमखूण नाही, अंगात जीव किती उरलाय तेही दिसत नाही. नकाशा फक्त मुक्कामाच्या ठिकाणी उघडायचा. पात्र नॉर्ड जमातीचं, कारण थंडीच्या जादूला निम्मी दाद देणारा गडी उत्तरेत बरा पडतो. मुख्य कथा गरजेपुरतीच पुढे सरकवायची.

हेतू एकच. ‘स्कायरिममधल्या सर्वांत सुंदर जागा’ अशा याद्या आपण सगळ्यांनीच चाळल्यात. त्यांत जागेचं नाव असतं, एक फोटो असतो, पण तिथे कुठून यायचं हे नसतं. नकाशावर टिचकी मारून गेलं की बहुतेक वेळा आपण ठिकाणाच्या दाराशी उभे राहतो, नाक दाराला आणि पाठ दृश्याला. हा खेळ २०११ साली बनवणाऱ्यांनी रस्त्यांची वळणं फार विचारपूर्वक टाकली आहेत. कुठल्या वळणावर काय उघडायचं, कुठे डोंगर आड घालायचा, हे पायी चालताना कळतं. म्हणून मी जागांची नाही, वाटांची नोंद ठेवते आहे.

वेळेचं गणित. खेळातलं घड्याळ खऱ्या घड्याळाच्या वीसपट धावतं, म्हणजे अख्खा दिवस ७२ मिनिटांत आटोपतो. तिथला एक तास म्हणजे आपली तीन मिनिटं. संध्याकाळच्या रंगाची म्हणून जी काही वेळ असते ती पाणी प्यायला उठलात तर संपते. मी कन्सोलमधून (खेळातली आज्ञा टाइप करायची खिडकी) हा वेग दहावर आणला आहे. पीसीवर खेळणाऱ्यांनी एवढं तरी कराच, बाकी ग्राफिक्सची खटपट नंतर. फोटोसाठी टी-एफ-सी ही तीन अक्षरी आज्ञा आणि पुढे एक आकडा दिला की काळ गोठतो आणि कॅमेरा मोकळा फिरतो. मी ती फक्त फोटोपुरती वापरते. पुढची वाट हेरायला वापरली तर मग नियम कशाला केले?

रिफ्टन ते आयव्हरस्टेड

रिफ्टन शहराबद्दल फार लिहीत नाही. लाकडी पूल, खाली कालवा, सगळीकडे ओल आणि चोर. बाहेर पडून होनरिक तळ्याच्या काठाने पश्चिमेला लागलं की मात्र पाय आपोआप मंदावतात. पांढऱ्या खोडांची बर्चची झाडं, पिवळी-नारिंगी पानं, तळ्यातल्या बेटावर गोल्डनग्लोची मधमाश्यांची इस्टेट. स्कायरिममध्ये ऋतू बदलत नाहीत, प्रदेश बदलतो. रिफ्टनभोवतीच्या रिफ्ट प्रदेशात कायमची पानगळ आहे आणि पानं कधी संपत नाहीत. इथे सकाळच्या उन्हात पश्चिमेकडे चालावं. सूर्य पाठीशी राहतो आणि पानं समोरून उजळतात. उलट दिशेने, म्हणजे व्हाइटरनकडून आलेल्यांना हीच झाडं काळपट दिसतात. मग ते म्हणतात, रिफ्टचं उगाच कौतुक होतं.

आयव्हरस्टेडला पूल ओलांडला की सात हजार पायऱ्या. सात हजार हा दंतकथेतला आकडा. मोजायला बसलात तर प्रत्यक्षात काही शेकड्यांतच संपतात. गावातला क्लिमेक वरच्या मठातल्या ग्रेबिअर्ड्स या मुनींसाठी शिधा वर पोचवायला देतो, तो जरूर घ्या, वर दाराबाहेरच्या पेटीत टाकायचा असतो. वाटेत दहा शिलालेख आहेत. बहुतेक जण पहिला वाचतात आणि बर्फातल्या ट्रोलच्या नादात पुढचे विसरतात. दहाही वाचले तर ‘व्हॉइस ऑफ द स्काय’ हा आशीर्वाद मिळतो: खेळातला एक दिवसभर जनावरं अंगावर येत नाहीत आणि पळूनही जात नाहीत. तलवारबाजांना याचं काही नाही. आपल्यासारख्या नुसतं बघत फिरणाऱ्यांना मात्र या खेळात याहून मोठं बक्षीस नाही. एरवी चाहूल लागताच उधळणारे एल्क हाताच्या अंतरावर चरत राहतात.

इथे एक मत मांडते, पटणार नाही कदाचित. थ्रोट ऑफ द वर्ल्ड या पर्वताचा माथा हे सर्वोत्तम दृश्य नाही. तिथे जायला ‘क्लिअर स्काइज’ ही गर्जना लागते, नाहीतर वाटेतला वारा जीव घेतो. वर पार्थरनॅक्स हा ड्रॅगन भेटतो, अगदी टोकाला एक खाचा पडलेली कुदळ रोवलेली आहे, जी माइनक्राफ्टला केलेला मुजरा आहे. हे सगळं छान. पण खाली पाहिलं की लांबची झाडं चपट्या चित्रांची होतात आणि डोंगरांचे कोपरे मोजता येतात. हे जग जमिनीवरून चालणाऱ्याच्या डोळ्यासाठी रंगवलेलं आहे. उंची हवी ती अर्ध्या चढाची, जिथे समोर एखादी दरी आणि मागे कडा असतो, आणि लांबचं सगळं धुक्यात जातं. हाय ह्रॉथगारच्या, म्हणजे ग्रेबिअर्ड्सच्या मठाच्या, अलीकडची वळणं त्या हिशोबात माथ्यापेक्षा सरस आहेत.

डार्कवॉटरची उतरंड

आतापर्यंतच्या सगळ्या वाटांत माझा पहिला नंबर हिला.

आशीर्वादाचा दिवस सुरू असतानाच आयव्हरस्टेडहून नदी धरली. डार्कवॉटर नदी रिफ्टच्या पठारावरून खालच्या ईस्टमार्च प्रदेशात उतरते. नदी उजवीकडे की डावीकडे याची चिंता करू नका, आवाज सोडू नका म्हणजे झालं. पाणी टप्प्याटप्प्याने कोसळत जातं, दोन्ही बाजूंना पाइन दाटत जातात, पानगळीचा पिवळा रंग मागे पडतो. मग एका टप्प्याशी झाडी संपते आणि खाली एकदम वाफाळणारं मैदान उघडतं. गरम पाण्याची कुंडं, पांढुरकी-पिवळी जमीन, मधूनच उठणारे वाफेचे लोट, त्यांतून सावकाश फिरणारे मॅमथ आणि त्यांचे राक्षस. राक्षसांपासून लांब राहा. आशीर्वाद जनावरांपुरता आहे, आणि राक्षसाच्या एका सोट्याने माणूस आकाशात कसा जातो हे इथल्या कुणाला सांगायला नको.

हेच मैदान विंडहेल्मकडून आलं तर सपाट लागतं, वरून उतरताना मात्र त्याचा अख्खा आकार कळतो. पहाटे पोचता येईल असं निघा. वाफ आणि कोवळं ऊन एकत्र मिळतं.

तिथून एल्डरग्लीम जवळच. बाहेर उजाड जमीन आणि आत कायनारेथ देवीची राई: धबधबे, नेचे, मधोमध तो जुना वृक्ष. आत सदैव दिवस असतो, बाहेर मध्यरात्र का असेना. म्हणून मी मुद्दाम रात्री गेले. व्हाइटरनच्या डॅनिकाचं काम घेऊन जाणार असाल तर मॉरिस नावाच्या यात्रेकरूला बरोबर येऊ द्या आणि त्याचं ऐका. नेटलबेन सुऱ्याने मुळं तोडत गेलात तर स्प्रिगन, म्हणजे झाडांचे राखणदार, उठतात, आणि त्या राईत आग लावत फिरायची वेळ येते. मॉरिसच्या मार्गाने रोपटं मिळतं आणि कुणाचं काही बिघडत नाही.

उत्तर, थोडक्यात

विंटरहोल्ड गावात बघायला फारसं उरलेलं नाही. चौथ्या युगाच्या १२२ साली अर्ध्याहून जास्त शहर समुद्रात गेलं आणि जादूचं कॉलेज तेवढं कड्यावर लटकून राहिलं. पण दक्षिणेकडच्या डोंगरावर अझुराचा पुतळा आहे, एका हातात चांदणी, दुसऱ्या हातात चंद्रकोर. ती पहाट आणि सांज यांची अधिष्ठात्री, म्हणून त्याच दोन वेळांना जावं हे वेगळं सांगायला नको. हवा स्वच्छ असेल तर उतरताना हिरवी ध्रुवीय ज्योत मिळते. हवा स्वच्छ नसेल तर काहीच मिळत नाही, थंडी तेवढी अंगात भरत जाते.

सॉलिट्यूडसाठी एकच सूचना: मॉर्थलच्या दलदलीतून या. धुक्यात आधी नुसती एक काळी कमान दिसते आणि बराच वेळ ती डोंगरच वाटते. मग तिच्यावर छपरं दिसू लागतात. शहरात शिरल्यावर ब्लू पॅलेसमध्ये उभं राहून आपण त्याच कमानीवर आहोत हे कळतसुद्धा नाही.

ब्लॅकरीच

ही जमिनीखालची प्रचंड गुहा. आत जायला आधी उत्तरेच्या बर्फाळ समुद्रातल्या सेप्टिमस सिग्नसकडून किल्लीसारखा एक गोल मिळवावा लागतो. मग तीन वाटा आहेत: आल्फ्टँड, मझिंचालेफ्ट, राल्डब्थार. मी आल्फ्टँडच्या बाजूने. ती सर्वांत कंटाळवाणी आहे आणि तेच तिचं बळ. लुप्त झालेल्या डवेमर जमातीच्या अरुंद पितळी बोळांतून, वाफेच्या नळ्यांखालून, आंधळ्या फालमरांशी झुंजत इतका वेळ जातो की डोळ्यांना आठ-दहा पावलांपलीकडे बघायची सवय राहत नाही. आणि मग दार उघडल्यावर ती गुहा. झाडांएवढ्या निळ्या आळंब्या, खाली झरे, मधोमध ओसाड शहर, त्याच्यावर लटकलेला सूर्यासारखा नारिंगी गोळा.

लिफ्टने थेट वरून उतरणाऱ्यांना हे मिळत नाही. 

त्या गोळ्यावर ‘फस रो डा’ टाकलं की व्हुल्थुरिओल नावाचा ड्रॅगन येतो. मी नाही टाकलं. शांत गुहेत ड्रॅगन ओरडत फिरला तर जो निर्नरूट या वनस्पतीचा गुणगुणाट ऐकायला आपण आलो तोच बुडतो. लाल निर्नरूट फक्त इथेच उगवतं आणि सिंडेरियन या किमयागाराच्या कामासाठी तीस मुळ्या लागतात. होकायंत्र बंद असताना या तीस मुळ्या शोधणं म्हणजे निव्वळ कानाचं काम. हेडफोन लावा, पार्श्वसंगीत शून्यावर आणा आणि आवाज कुठल्या कानात मोठा होतो ते बघत वळा. या एका कामामुळे मी ब्लॅकरीचचे असे कोपरे पाहिले जिथे एरवी कुणी पाय ठेवणार नाही: धबधब्यामागची कपार, सोल जेम या जादूच्या स्फटिकांच्या गाठी असलेले खडक, पाण्यावर झुकलेल्या छोट्या आळंब्या. माझी मोजणी अजून पूर्ण नाही. उरलेल्या मुळ्यांसाठी परत उतरणार, आणि या वेळी राल्डब्थारकडून, फरक किती पडतो ते बघायला.

पुढे

आता पश्चिमेचा रीच प्रदेश. मार्कार्थ बाहेरून पाहायचं आहे, कार्थ नदीच्या उगमाकडून खाली. बार्ड्स लीप या कड्यावरून उडी मारायची, खाली अझादालचं भूत भेटेपर्यंत जगले तर संभाषणकला वाढेल. मग डॉनगार्ड या जोडकथेतली विसरलेली दरी. डार्कफॉलच्या बोगद्यातली चमकणारी हरणं आणि त्यानंतरचं बर्फाचं तळं, एवढ्यासाठीच ती कथा सुरू केली आहे. तिथली देवस्थानं एकमेकांत जायची द्वारं उघडतात. दरीत शिरण्यापुरतं त्यांतून जावंच लागतं, पुढे सगळं चालत.

अडलंय ते सॉल्स्टहाइम बेटावर. विंडहेल्मच्या धक्क्यावरून नॉर्दर्न मेडन जहाज रेव्हन रॉकला नेतं, दुसरी वाट नाही, आणि सर्व्हायव्हलमध्ये त्या समुद्रात पोहणं म्हणजे मरण. ‘पायी’च्या नियमात जहाज बसवायचं का? मी बसवायच्या बाजूची आहे, पण परतीचं तिकीट काढण्याआधी बेट किनाऱ्या-किनाऱ्याने पूर्ण फिरून यायचं, या अटीवर. कुणी याहून कडक नियम पाळून ते बेट केलं असेल तर सांगा, रीच संपेपर्यंत वेळ आहे.