चाउशेस्कूच्या मागावर: बुखारेस्ट ते तर्गोविश्ते

रोमानियाला जाणारे बहुतेक भारतीय पर्यटक कम्युनिस्ट हुकूमशहा निकोलाय चाउशेस्कूची एकच वास्तू बघतात: बुखारेस्टचं संसद भवन. तासाभराची टूर, झुंबरांचे फोटो, की बस निघाली ड्रॅक्युलाच्या किल्ल्याकडे. पण 1965 ते 1989 या काळात या माणसाने देशाचं काय करून ठेवलं, ते त्या इमारतीच्या आत फारसं कळत नाही. तिच्या भोवतालच्या गल्ल्यांमधून फिरलं की कळतं, आणि तिथून साधारण 80 किलोमीटरवरच्या तर्गोविश्तेतल्या एका जुन्या लष्करी छावणीत तर नीटच कळतं. त्यासाठी तीन दिवस हवेत. दोन दिवसांतही बसवता येतं, पण मग जेवायला वेळ काढू नका.

आधी कागदपत्रं. 1 जानेवारी 2025 पासून रोमानिया पूर्णपणे शेंगेन क्षेत्रात आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसा चालतो. भारतातून थेट विमान नाही. इस्तंबूल, दोहा किंवा दुबईमार्गे जायचं. ओतोपेनी विमानतळावरून ‘गारा दे नोर्द’ या मुख्य स्टेशनला ट्रेन जाते आणि ती टॅक्सीवाल्यांशी घासाघीस करण्यापेक्षा कितीतरी बरी. चलन लेई. युरो दाखवलेत तर दुकानदार घेईलही, पण दर त्याचा. मेट्रोत कॉन्टॅक्टलेस कार्ड टॅप केलं की काम होतं.

सुरुवात क्रांती चौकातून करावी, कारण चाउशेस्कूचा शेवट तिथून सुरू झाला. ‘पियात्सा रेव्होलुत्सिएई’ हे आत्ताचं नाव. तेव्हा हा राजवाडा चौक होता. समोरची लांबलचक करडी इमारत म्हणजे कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीची कचेरी. आता तिथे गृहखातं आहे. मधल्या दाराच्या वर जी बाल्कनी आहे ती पहिल्यांदा पाहिली की फसल्यासारखं वाटतं, इतकी ती खाली आहे. जुन्या चित्रफितीत ती उंच भासते, कारण कॅमेरा तसा लावलेला असे. 21 डिसेंबर 1989 ला दुपारी इथूनच चाउशेस्कूने भाषण केलं. पश्चिमेकडच्या तिमिशोआरा शहरात निदर्शकांवर गोळीबार होऊन गेला होता, त्यावर उतारा म्हणून ही सभा. गर्दी आणलेली, फलक वाटलेले. मधेच मागून आरडाओरडा सुरू झाला. त्याने हात वर केला आणि माइकमध्ये ‘आलो, आलो’ म्हणत राहिला, फोन कट झाल्यावर माणूस म्हणतो तसा. दूरदर्शनचं थेट प्रक्षेपण तुटलं. पुन्हा जोडलं गेलं तेव्हा तो किमान पगार 2000 वरून 2200 लेई करण्याची घोषणा करत होता. दुसऱ्या दिवशी 12 वाजून 8 मिनिटांनी याच इमारतीच्या गच्चीवरून त्याचं हेलिकॉप्टर उडालं.

इमारतीची बाहेरून पाहणी पुरे. आत जाता येत नाही. समोर 2005 साली उभारलेला पांढरा संगमरवरी सुळका आहे, वरच्या भागात लोखंडी जाळीचा गोळा अडकवलेला. हुतात्म्यांचं स्मारक आहे ते, पण बुखारेस्टकर त्याला ‘सुळावरचा बटाटा’ म्हणतात, आणि एकदा हे कानावर पडलं की दुसरं काही दिसत नाही. चौकाच्या कडेला एक जळकी विटांची भिंत आणि तिच्या पोटातून वर आलेली काचेची इमारत आहे, तीही चुकवू नका. जळलेला सांगाडा गुप्त पोलिसांच्या, म्हणजे सेकुरिताते या संघटनेच्या वापरातला. वरची काच वास्तुविशारदांच्या संघटनेची.

आता संसद भवन. इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात, म्हणून जरा सविस्तर.

पहिली गोष्ट: मूळ पासपोर्ट सोबत हवा. झेरॉक्स नको, मोबाइलवरचा फोटो नको. हॉटेलच्या लॉकरमध्ये पासपोर्ट ठेवून निघायची आपली शहाणी सवय इथे नडते. सुरक्षारक्षक परत पाठवतात आणि वेळ गेली की गेली. दुसरी: आधी बुकिंग. ही चालू संसद आहे, परिषदा आणि अधिवेशनं असतात, त्यामुळे टूरच्या वेळा ऐनवेळी बदलू शकतात. परतीच्या विमानाच्या दिवशी टूर ठेवू नये. तिसरी: प्रवेशद्वार. उनिरी बुलेवार्डच्या तोंडाशी दिसणाऱ्या दर्शनी भागाकडे चालत जाऊ नका. पर्यटकांचं दार कुठलं ते बुकिंगमध्ये दिलेलं असतं, ते नीट वाचा, कारण इमारत 270 मीटर लांब, 240 मीटर रुंद आहे आणि भोवती कुंपण. चुकीच्या बाजूला पोचलात तर वळसा घालण्यातच अर्धा तास जातो. इझ्वोर मेट्रोवर उतरून अर्धा-पाऊण तास हातात ठेवा. आत विमानतळासारखी तपासणी.

टूरमध्ये इमारतीचा अगदी छोटा भाग दाखवतात, तरी पाय दुखतात. जमिनीवर उंची 84 मीटर, खोल्या हजारावर, आणि जगातली सर्वात वजनदार इमारत म्हणून गिनेसमध्ये नोंद. बांधकाम 1984 ला सुरू झालं. मुख्य वास्तुविशारद आंका पेत्रेस्कू तेव्हा पस्तिशीच्या होत्या. संगमरवर, लाकूड, काच, गालिचे, जवळजवळ सगळं देशातलंच. गाइड टनांचे आणि चौरस मीटरांचे आकडे धडाधड सांगतात. ते ऐका, पण जिन्यांकडे बघा. पायऱ्या विलक्षण सखल आहेत. चाउशेस्कू बुटका होता, त्याच्या पावलाला जुळाव्यात म्हणून जिने तोडून पुन्हा बांधले, असं गाइड सांगतात. खरंखोटं काही असो, चढताना आपली लय मात्र चुकते. ज्या काळात हे चाललं होतं त्याच काळात परदेशी कर्ज फेडायचं म्हणून धान्य, मांस बाहेर पाठवलं जात होतं. लोकांना पाव, साखर, तेल रेशनवर आणि हिवाळ्यात घरं गारठलेली. कर्ज 1989 मध्ये फिटलं. इमारत पुरी व्हायच्या आत मालक संपला. या सभागृहांत त्याने कधी राज्य केलं नाही.

टूर मिळालीच नाही तर मागच्या बाजूने, ‘13 सप्टेंबर’ रस्त्यावरून, समकालीन कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयात शिरा. ते याच इमारतीच्या एका भागात आहे आणि त्याला गाइडची सक्ती नाही. तिथेच शेजारी नवं प्रचंड कॅथेड्रल उभं आहे, संसदेपेक्षा उंच. त्यावर मत आपापलं.

या संसद भवनासाठी जागा करायची म्हणून उरानुस नावाची टेकडीवरची अख्खी जुनी वस्ती पाडली गेली. 4 मार्च 1977 चा भूकंप निमित्ताला होताच; त्यात दीड हजारांवर माणसं गेली होती. 1971 च्या उत्तर कोरिया दौऱ्यात प्योंगयांग बघून चाउशेस्कूच्या डोक्यात रुंद रस्ते आणि सरळ रेषा बसल्या होत्या. या रेषांच्या आड आलेली काही चर्चं पडली, काही मात्र सरकवली. हे बघायलाच हवं.

युजेनिउ योर्दाकेस्कू या अभियंत्याने काढलेली युक्ती अशी: भिंतींच्या तळाशी चारी बाजूंनी खणायचं, पायाच्या पातळीवर काँक्रीटची घट्ट चौकट ओतून इमारतीला जणू तबकात बसवायचं, मग पायापासून कापून वेगळी करायची, जॅकने उचलून रुळांवर घ्यायची आणि हळूहळू ढकलायची. सगळा धोका कापण्याच्या क्षणी. वजन एका बाजूला जास्त पडलं की जुन्या विटांना तडा जाणार. मिहाय वोदा चर्च सोळाव्या शतकातलं. 1985 मध्ये ते घंटाघरासकट 289 मीटर सरकवलं, तेही उतारावरून खाली. त्याआधी 1982 मध्ये ‘स्कितुल माइचिलोर’ हे छोटं चर्च 245 मीटर हलवलं होतं.

शोधायला जाल तर नकाशावर टिंब असूनही चर्च दिसत नाही. त्यात तुमची चूक नाही. सरकवलेली चर्चं दहा मजली इमारतींच्या मागे दडवली गेली, रस्त्यावरून दिसू नयेत म्हणून. मिहाय वोदासाठी ‘सापिएन्त्सेई’ गल्ली गाठा, इमारतींमधल्या बोळातून आत शिरा. वाळत घातलेले कपडे, लावलेल्या गाड्या, आणि मधोमध विटांचं चारशे वर्षांचं चर्च. तिथून संसदेचा कोपरा दिसतो. आपल्याकडे गावं धरणाखाली गेली तेव्हा देवळं दगड-दगड सुटे करून वर नेली. इथे अख्खी इमारत एका तुकड्यात नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरेला प्रिमावेरी बुलेवार्ड. मेट्रो ‘आविआतोरिलोर’, तिथून चालत. इथला क्रमांक 50 म्हणजे चाउशेस्कू कुटुंबाचं घर. 2016 पासून लोकांसाठी खुलं. फक्त गाइडबरोबर, ठरलेल्या वेळेला, म्हणून हेही आधी बुक करा. बाहेरून मध्यम श्रीमंत बंगला, आत सुमारे 80 खोल्या. तिन्ही मुलांना वेगळे कक्ष, तळघरात सिनेमा, मोझॅइकचा पोहण्याचा तलाव, सोनेरी न्हाणीघर, बागेत मोर. मौज एवढीच की हे सगळं राजेशाही नाही. अचानक पैसा आलेल्या माणसाची हौस आहे.

दुपारी 41 नंबरची ट्राम शेवटपर्यंत, म्हणजे गेंचा. इथे दोन दफनभूमी शेजारी-शेजारी आहेत, एक लष्करी, एक नागरी. बरेच जण लष्करी दफनभूमीत तासभर फिरून हात हलवत परततात. चाउशेस्कू नागरी दफनभूमीत आहे. 1989 मध्ये त्याला आणि त्याची बायको एलेना हिला घाईघाईत, वेगवेगळ्या जागी, खोट्या नावांखाली पुरलं होतं. मृतदेह त्यांचेच का, या शंकेवर 2010 च्या जुलैत उकरून तपासणी झाली आणि मग नवरा-बायको लाल ग्रॅनाइटच्या एकाच थडग्यात आले. बऱ्याचदा ताजी फुलं दिसतात. कोण वाहतं असं तिथे मोठ्याने विचारत बसू नये, आणि सेल्फीही नको; बाजूला लोक आपल्या माणसांना भेटायला आलेले असतात.

तिसरा दिवस तर्गोविश्तेचा. गारा दे नोर्दवरून ट्रेन. काही गाड्यांना तितूला बदलावं लागतं, पूर्ण प्रवास दीड-दोन तासांचा. रोमानियात सरकारी आणि खाजगी अशा दोन्ही कंपन्यांच्या गाड्या धावतात आणि एकीचं तिकीट दुसरीत चालत नाही, त्यामुळे तिकिटावरचं नाव आणि गाडीचं नाव जुळवूनच चढा. सोमवार टाळा, बहुतेक संग्रहालयं तेव्हा बंद असतात.

स्टेशनातून बाहेर पडलात की छावणी चालत काही मिनिटांवर. पळ काढलेलं हेलिकॉप्टर आधी स्नागोवला उतरलं, मग तितूजवळ शेतात. तिथून दोघं रस्त्यावर अडवलेल्या गाड्यांमधून इथवर आले आणि 22 डिसेंबरला सैन्याच्या ताब्यात गेले. 2013 पासून ही जागा संग्रहालय आहे. झोपण्याची खोली आधी: लोखंडी खाटा, जाड ब्लँकेटं. मग खटल्याची खोली. भिंतीच्या कोपऱ्यात अडकवल्यासारखी दोन छोटी टेबलं लावली आहेत, शाळेत असतात तसली; त्यांच्या मागे त्या दोघांना बसवलं होतं. 25 डिसेंबरला खटला तासाभरात आटोपला. वकील बुखारेस्टहून आणले होते, आणि बचाव करणाऱ्यांनीही आरोपीलाच दोष दिला. मृत्युदंडाची शिक्षा, तीही तिथल्या तिथे.

खोलीतून मागे अंगणात येताना पावलं मोजा. फार भरत नाहीत. समोर भिंत, तिच्यात गोळ्यांच्या खुणा. गोळीबार इतक्या घाईत झाला की चित्रीकरण करणारा वेळेवर पोचला नाही; जी दृश्यं सगळ्या जगाने पाहिली त्यात नेमका तो क्षण नाही. पुढच्याच महिन्यात रोमानियाने मृत्युदंडाची शिक्षा रद्द केली.

परतीच्या गाडीला वेळ असेल तर गावातला किंदिया मनोरा गाठा. व्लाद त्सेपेशची, म्हणजे ड्रॅक्युला ज्याच्यावरून रचला त्या सुळावर चढवणाऱ्या राजाची, इथे राजधानी होती. त्या बाजूला पर्यटकांची रांग असते. छावणीत बहुतेक वेळा तुम्ही एकटेच. संध्याकाळची शेवटची थेट गाडी कितीची आहे, ते सकाळी उतरल्याबरोबर स्टेशनवरच्या फलकावर बघून ठेवा.