एकरी साठ किलो

डिसेंबर २०१७ मध्ये रशियाच्या कोला द्वीपकल्पावरील किरोव्स्क या खाणगावी एका भारतीय शिष्टमंडळासोबत दुभाषी म्हणून मी चार दिवस राहिले. त्यातल्या दुसऱ्या दिवसाविषयी मला लिहायचे आहे. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकल्यापासून औषधे, यंत्रसामग्री, अणुवीज अशा अनेक विषयांच्या बैठकांत मी दुभाष्याचे काम केले होते. परंतु ज्या विषयाशी माझ्या माहेरच्या घराचा थेट संबंध आहे असे काम पहिल्यांदाच वाट्याला आले. शिष्टमंडळात तीन जण होते: खतखरेदीचे काम पाहणारे एक अधिकारी, मराठवाड्यातले एक कृषिशास्त्रज्ञ आणि कोलारच्या सोन्याच्या खाणीत नोकरीला सुरुवात केलेले एक ज्येष्ठ खाण अभियंता. डीएपी, म्हणजे आमच्याकडे दुकानात 'अठरा-सेहेचाळीस' म्हणून मागतात ते खत, ज्या दगडापासून तयार होते तो दगड पाहण्यासाठी आम्ही आलो होतो.

मुर्मान्स्कला जाणाऱ्या रेल्वेगाडीने अपातिती स्थानकावर उतरून, हिबीनी पर्वताच्या पायथ्याने मोटारीने अर्ध्या तासात आम्ही किरोव्स्कला पोहोचलो होतो. हे गाव ध्रुववृत्ताच्या उत्तरेला शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे आणि डिसेंबरच्या उत्तरार्धात तेथे सूर्य क्षितिजावर येतच नाही. संपूर्ण काळोख मात्र नसतो. सकाळी दहाच्या सुमारास डोंगरांमागून निळसर उजेड पाझरू लागतो, बर्फामुळे तो दुणावतो आणि दुपारी दोननंतर पुन्हा विरून जातो. त्या उजेडात सावल्या पडत नाहीत. मला थंडीपेक्षा याचीच सवय व्हायला वेळ लागला.

सकाळी आठ वाजता आम्ही कुकिसवुमचोर डोंगराखालच्या खाणीच्या कचेरीत हजर झालो. आम्हाला कामगारांचे कपडे, गमबूट आणि शिरस्त्राण दिले. दिव्यांच्या खोलीत खिडकीमागे बसलेल्या बाईंनी प्रत्येकाच्या हाती एक दिवा, विषारी हवेत श्वास घेता यावा म्हणून जवळ बाळगायचा एक स्वयंबचाव डबा आणि क्रमांक कोरलेला धातूचा बिल्ला ठेवला. खाली किती माणसे आहेत हे त्या बिल्ल्यांवरून कळते, म्हणून वर आल्यावर सर्वांत आधी तो परत करायचा. डबा कमरेवरून क्षणभरही उतरवायचा नाही, हे वाक्य मला तीनदा भाषांतरित करायला लावले आणि तिन्ही वेळा त्या बाई माझ्याकडे रोखून पाहत होत्या. भारतातल्या खाण कायद्यानुसार २०१९ पर्यंत स्त्रियांना भूमिगत खाणीत कामावर ठेवता येत नसे, त्यामुळे इतक्या कामांनंतरही मी खाणीच्या आत उतरत होते ती पहिल्यांदाच.

आतल्या मजल्यांना तेथे समुद्रसपाटीपासूनच्या उंचीवरून नावे दिलेली आहेत. खाण डोंगराच्या पोटात असल्यामुळे आपण जमिनीखाली असतो आणि तरीही समुद्राच्या वर असतो, हे समजायला मला थोडा वेळ लागला. विजेवर चालणाऱ्या इंजिनाच्या छोट्या गाडीतून आम्ही बराच वेळ आत गेलो. सोबतच्या पाळीप्रमुखांनी एका वळणावर गाडी थांबवून भिंतीवर दिव्याचा झोत टाकला आणि सांगितले की इथला खडक 'स्त्रेल्यायेत', म्हणजे गोळ्या झाडतो. हिबीनीच्या खडकात आडव्या दिशेने प्रचंड ताण साठलेला आहे. पोकळी खणली की तो ताण मोकळा व्हायला वाट शोधतो आणि कधी कधी भिंतीतून कपच्या आवाज करत सुटतात. मी हे हिंदीत सांगत असतानाच कोलारचे अभियंता मान हलवू लागले. कोलारला याच प्रकाराला 'एअर ब्लास्ट' म्हणत, असे सांगून त्यांनी हाताचा तळवा खडकावर टेकवला. पाळीप्रमुखांनीही तसाच टेकवला. पुढची दहा मिनिटे त्या दोघांना माझी फारशी गरज लागली नाही.

मग आम्ही अपातीत या खनिजाच्या, म्हणजे जो दगड पाहायला आलो होतो त्याच्या, थराशी पोहोचलो. अपातीत हे नाव फसवणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडले आहे, कारण हे खनिज इतर अनेक खनिजांसारखे दिसते. मला मात्र ते साखरेसारखे दिसले. फिकट हिरवी साखर किंचित ओली करून साच्यात दाबून बसवावी तसा तो दगड होता. तेथले लोकही त्याला 'साखऱ्या' अपातीत असेच म्हणतात. नखाने खरवडले की कडेचे दाणे सुटत होते. मधूनमधून नेफेलिन हे दुसरे, राखाडी खनिज होते आणि एका तुकड्यात डाळिंबाच्या दाण्याएवढे लाल ठिपके होते. ते युडियालाइट. या भागातल्या मूळच्या सामी लोकांच्या दंतकथेत ते लढाईत सांडलेले त्यांचे रक्त आहे.

कृषिशास्त्रज्ञांनी तो तुकडा हातात घेऊन मला मराठीत समजावले, आणि त्यांचे ते बोलणे माझ्या मनात पक्के बसले आहे. यातला स्फुरद (फॉस्फरस) पिकाला असाच मिळत नाही, कारण हा दगड मातीत विरघळतच नाही म्हटले तरी चालेल. आधी तो दळायचा, पाण्यात फेस करून त्यातले अपातीत वेगळे काढायचे. मग जी भुकटी मिळते तिच्यात स्फुरदाचे प्रमाण, खतांच्या हिशेबाच्या पद्धतीने, सुमारे ३९ टक्के असते. तिच्यावर गंधकाम्लाची क्रिया करून फॉस्फोरिक आम्ल करायचे, त्यात अमोनिया मिसळायचा, तेव्हा कुठे गोणीत भरता येईल असा दाणा तयार होतो. पन्नास किलोंच्या गोणीत नऊ किलो नत्र आणि तेवीस किलो स्फुरद. मृगाच्या आधी या गोणीसाठी माझे वडील तालुक्याच्या दुकानापुढे पहाटेपासून रांगेत उभे राहत आणि संध्याकाळी दोन गोण्या घेऊन परतले तर घरात सण असल्यासारखे वाटे. ते त्या दुकानापुढे उभे असत आणि तो दाणा कुठून येतो हे आम्हा कोणालाच ठाऊक नव्हते. आमच्या गोणीतला स्फुरद हिबीनीचाच होता असा माझा दावा नाही, कारण भारत डीएपी सौदी अरेबिया, मोरोक्को, चीन अशा अनेक देशांकडून घेतो. पण रशियाही त्या देशांत आहे.

दुपारी पूर्वेकडच्या उघड्या खाणीत जायचे होते, परंतु वर आलो तेव्हा वारा सुटलेला होता आणि त्या बाजूचा रस्ता हिमस्खलनाच्या भीतीने बंद केल्याचा निरोप आला. आम्हाला न्यायला आलेल्या चालकाने समोरच्या युक्सपोर डोंगराकडे हात केला आणि एवढेच म्हटले, "तिथून आले होते." ५ डिसेंबर १९३५ रोजी त्या डोंगरावरून सुटलेले बर्फ खाणकामगारांच्या वस्तीवर कोसळले आणि ८९ माणसे दगावली. पुढच्याच वर्षी, १९३६ मध्ये, तेथे बर्फावर नजर ठेवणारी स्वतंत्र सेवा सुरू झाली आणि ती आजही काम करते. रस्ता बंद म्हणजे बंद. तेथे कोणी हुज्जत घालत नाही.

अशा रीतीने मोकळी झालेली दुपार आम्ही स्थानिक इतिहासाच्या संग्रहालयात घालवली. तेथल्या बाई सत्तरीच्या असाव्यात. आधी त्यांनी नेहमीची माहिती सांगितली. १९२० मध्ये अलेक्सांद्र फेर्समान या खनिजशास्त्रज्ञाने हिबीनीत शोधमोहिमा सुरू केल्या, १९२९ मध्ये खाणकाम सुरू झाले, १९३१ मध्ये हिबिनोगोर्स्क नावाने वस्तीला शहराचा दर्जा मिळाला आणि डिसेंबर १९३४ मध्ये लेनिनग्राडला कम्युनिस्ट पक्षाचे नेते किरोव यांचा खून झाल्यावर शहराला त्यांचे नाव देण्यात आले. फेर्समान यांनी अपातीतला 'सुपीकतेचा दगड' म्हटले होते. हे सगळे मी सरावाने सांगत गेले. मग त्या एका छायाचित्रापुढे थांबल्या. त्यात बर्फात उभारलेले तंबू आणि फळ्या ठोकून केलेले लांबलचक, तंबूसारखेच निवारे होते. त्यांना 'शाल्मान' म्हणत. बाई म्हणाल्या, "इथे 'स्पेत्सपेरेसेलेन्त्सी' राहत होते."

हा शब्द मला माहीत होता, तरी मी अडले. शब्दशः अर्थ 'विशेष स्थलांतरित'. मी हिंदीत 'विस्थापित' म्हटले आणि म्हणताक्षणीच ते खोटे वाटले. आपल्याकडे विस्थापित म्हटले की धरणग्रस्त डोळ्यांपुढे येतात. त्यांचे गाव पाण्याखाली जाते, त्यांची फरफट होते, पण त्यांना कोणी गुन्हेगार ठरवत नाही. येथे आणलेली माणसे शेतकरी होती. १९३० आणि १९३१ साली, शेतीच्या सामुदायिकीकरणाच्या मोहिमेत, 'कुलाक' म्हणजे सधन आणि म्हणून शत्रू ठरवून, न्यायालयापुढे उभेही न करता त्यांची जमीन, घर, जनावरे काढून घेतली गेली आणि बायकामुलांसह मालगाडीच्या डब्यांतून त्यांना इथे पाठवण्यात आले. कमांडंटच्या नोंदवहीत त्यांची हजेरी लागे आणि परवानगीशिवाय त्यांना वस्ती सोडता येत नसे. शहराच्या पहिल्या वर्षांत येथले बहुसंख्य रहिवासी असेच होते. हे सर्व मी सांगितले, एका शब्दाऐवजी आठ-दहा वाक्ये वापरली, आणि बाई माझे संपेपर्यंत शांत उभ्या राहिल्या. त्यांना हिंदी येत नव्हती; पण एका शब्दाला किती वेळ लागला ते त्यांच्या लक्षात आले होते.

त्या म्हणाल्या, "माझे आजोबाही त्यांतलेच." व्होल्गेकाठच्या सरातोव भागात त्यांची शेती होती, दोन घोडे होते. १९३१ च्या उन्हाळ्यात त्यांना कुटुंबासह इथे आणले, तेव्हा बाईंची आई सहा वर्षांची होती. धाकटा मामा पहिल्या हिवाळ्यात गेला. आजोबांनी अखेरपर्यंत खाणीत काम केले आणि याच गावात त्यांना मूठमाती मिळाली. बाईंनी काचेखालचा एक कागद दाखवला. १९९१ च्या कायद्यानुसार आईला मिळालेले 'रेआबिलितात्सिया'चे प्रमाणपत्र. पुन्हा एकदा शब्दाने माझी परीक्षा घेतली. तोंडात पहिल्यांदा आला तो शब्द होता 'पुनर्वसन'. घरादारातून उचलून येथे वसवलेल्या माणसाला साठ वर्षांनी 'पुनर्वसित' म्हणणे हा केवढा अनर्थ झाला असता! शासन मान्य करत होते की या माणसाने कोणताही अपराध केला नव्हता. मी 'निर्दोष ठरवले' असे म्हटले. अधिकारी महोदय वही मिटून ऐकत होते.

आमचे तिघे पुढच्या दालनाकडे गेले. मी पाणी पिण्यासाठी मागे थांबले तेव्हा बाईंनी मला विचारले की तुम्ही कुठल्या. मी लातूरकडची, वडील शेतकरी, असे सांगितल्यावर त्यांचा पुढचा प्रश्न होता, "माती कोणत्या रंगाची?" दिवसभर मी इतरांची उत्तरे दुसऱ्या भाषेत नेत होते. हा प्रश्न मला होता.

"काळी," मी म्हणाले. "आम्ही शेताला नुसते 'काळी' असेही म्हणतो."

"आमचीही काळीच," त्या म्हणाल्या. रशियनमध्ये त्या मातीचे नावच 'चेर्नोझ्योम', काळी माती. त्यांनी ती स्वतः कधी पाहिलेली नव्हती. आजोबा सांगत की पाऊस पडून गेल्यावर ती बुटांना इतकी चिकटते की पाय जड होतात. मी सांगितले की आमच्याकडे ती उन्हाळ्यात भेगाळते, हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या पावसानंतर चपला हातात घेऊन चालावे लागते. त्यांनी भेगांविषयी पुन्हा विचारले, किती खोल, किती रुंद, आणि मी दोन हातांनी दाखवले. हिबीनीच्या उतारावर मातीचा थर इतका पातळ की बटाटे लावायलाही आजीला टोपलीने माती आणून घालावी लागे, असे त्या म्हणाल्या.

मग त्यांनी टेबलावरचा हिरवट अपातीतचा नमुना माझ्या हातात दिला आणि विचारले, "यातले एका शेताला किती लागते?" मी वहीत हिशेब मांडला. सोयाबीनला एकरी एक गोण डीएपी, त्यात तेवीस किलो स्फुरद, भुकटीत ३९ टक्के. वाया जाणारे सोडून दिले तरी एकरी साठ किलोंच्या आसपास भुकटी लागणार. वडिलांचे चार एकर आहेत. म्हणजे पेरणीच्या एका हंगामाला दोनशे चाळीस किलो.

"साठ किलो," बाई म्हणाल्या, "म्हणजे जवळजवळ माझ्याएवढे." त्यांनी तो आकडा मला पुन्हा म्हणायला लावला, एकर म्हणजे किती ते विचारले, हेक्टरात करून घेतले आणि नमुन्याच्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवले. सोमवारी शाळेची मुले येणार होती. दगडाचे काय होते, असे ती दरवेळी विचारतात. बाहेर आमच्या गाडीचा भोंगा वाजला तेव्हा त्या चिठ्ठीवर माझ्याकडून आमच्या गावाचे नाव रशियन अक्षरांत लिहून घेत होत्या.