स्प्लिट आणि बदललेला आयएसआयएन: पोर्टफोलिओच्या नोंदी सांभाळण्याचा माझा अनुभव

स्प्लिटच्या दिवशी पोर्टफोलिओ सॉफ्टवेअर उघडलं की तीनपैकी एक चित्र दिसतं. स्प्लिट (म्हणजे शेअरचं विभाजन) ४:१ असेल, एका शेअरचे चार झाले असतील, तर आलेख ७५ टक्के कोसळलेला असतो, नाहीतर चौपट उसळलेला असतो, नाहीतर सगळं आलबेल दिसतं. कोसळला असेल तर भाव नवे आणि शेअरची संख्या जुनी आहे. उसळला असेल तर संख्या नवी आणि भाव जुने. या दोन्ही चुका निदान समोर दिसतात. मी जास्त वेळ घालवतो तो तिसऱ्या चित्रावर. तिथे आजचं मूल्य अचूक असतं, एकूण नफाही बरोबर असतो, पण मागची कित्येक वर्षं होल्डिंग खऱ्याच्या पावपटच दाखवलेलं असतं, कारण मागचे भाव भागले गेले पण मागची संख्या जुनीच राहिली. एकूण नफा फक्त गुंतवलेल्या रकमेवर आणि आजच्या मूल्यावर ठरतो, त्यामुळे मधला गोंधळ त्यात उमटत नाही. कालभारित परतावा मात्र पार बिघडतो, कारण तो रोजच्या मूल्यांची साखळी जोडून काढलेला असतो.

हे निस्तरताना मी एकच गोष्ट धरून चालतो: स्प्लिट हा व्यवहार नाही, मोजमापाचं एकक बदलणं आहे. आयएसआयएन (शेअरचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) किंवा टिकर बदलणं हाही व्यवहार नाही, ती पाटी बदलणं आहे. दोन्हींत काही विकलं जात नाही, काही विकत घेतलं जात नाही. म्हणून काम सुरू करण्याआधी फाइलची प्रत काढतो, भाव आपोआप उतरवण्याची सोय बंद करतो आणि चार आकडे कागदावर लिहून ठेवतो: एकूण शेअर, खर्चासह एकूण खरेदी मूल्य, पहिल्या खरेदीची तारीख आणि आतापर्यंतचा प्रत्यक्ष झालेला नफा. काम संपल्यावर यातला फक्त पहिला आकडा गुणोत्तराने बदललेला असायला हवा. बाकीचे तीन शेवटच्या दशांशापर्यंत तेच राहिले पाहिजेत (अपूर्णांक शेअरचे पैसे मिळाले तर तेवढा अपवाद, तो पुढे येतो). एक जरी हलला तरी जुनी प्रत उघडून पुन्हा पहिल्यापासून.

पाटीचं आधी बघू, कारण भानगडी तिथूनच सुरू होतात. टिकर हा शेअरबाजाराने दिलेला छोटा कोड, तो बदलू शकतो आणि दुसऱ्याला दिलाही जाऊ शकतो. आयएसआयएन १२ अक्षर-अंकांचा: पहिली दोन अक्षरं देशाची, पुढची नऊ त्या देशातल्या क्रमांकाची, शेवटचा पडताळणीचा अंक. हा शेवटचा अंक टंकताना झालेली एखादी चूक सहसा पकडतो, म्हणून सॉफ्टवेअरने ‘अवैध’ म्हटलं तर ते खरं धरावं. पण टिकर चंचल आणि आयएसआयएन कायमचा, असा समज असेल तर तो अर्धाच खरा आहे. फेसबुकने ९ जून २०२२ पासून ‘एफबी’ सोडून ‘मेटा’ हा टिकर घेतला, आयएसआयएन तोच राहिला. जनरल इलेक्ट्रिकचं उलट झालं. २ ऑगस्ट २०२१ पासून ८ जुन्यांचा १ असा रिव्हर्स स्प्लिट लागू झाला, टिकर तोच राहिला आणि आयएसआयएन बदलला. अमेरिकेत साध्या स्प्लिटमध्ये क्रमांक सहसा तोच राहतो, रिव्हर्स स्प्लिटमध्ये बदलतो. भारतात स्प्लिट म्हणजे दर्शनी मूल्याचं (शेअरवर छापलेल्या मूळ किमतीचं) विभाजन, त्यामुळे साध्या स्प्लिटमध्येही नवा आयएसआयएन मिळतो, बोनस शेअरमध्ये (कंपनी फुकट देते त्या जादा शेअरमध्ये) मात्र जुनाच चालू राहतो.

टिकरवर विसंबण्याचे परिणाम बघायचे तर ‘मेटा’च घ्या. फेसबुकच्या आधी तो राउंडहिलच्या मेटाव्हर्स ईटीएफकडे (शेअरसारखा बाजारात विकला जाणारा फंड) होता, त्यांनी तो २०२२ च्या सुरुवातीला सोडला. ज्याच्या नोंदीत सिक्युरिटीची (शेअर, ईटीएफ अशा कोणत्याही गुंतवणुकीची) ओळख फक्त टिकरवर होती, त्याच्या ईटीएफला जूननंतर फेसबुकचे भाव चिकटले असते. गूगलची गोष्ट याहून चकवणारी. एप्रिल २०१४ मध्ये नवे ‘सी’ वर्गाचे शेअर वाटले गेले. ‘जीओओजी’ हा जुना टिकर त्या नव्या वर्गाला मिळाला आणि आधीपासूनचे ‘ए’ वर्गाचे शेअर ‘जीओओजीएल’ झाले. म्हणजे २०१३ साली ‘जीओओजी’ म्हणून घेतलेला शेअर आजचा ‘जीओओजी’ नाही. तो ‘जीओओजीएल’ आहे, सोबत ‘सी’ वर्गाचाही एक शेअर आहे आणि मूळ खरेदी मूल्य दोघांत वाटायचं आहे.

म्हणून सॉफ्टवेअर स्वतःचं असेल किंवा हिशेब स्प्रेडशीटमध्ये असेल, तर प्रत्येक सिक्युरिटीला आपला एक अंतर्गत क्रमांक द्यावा. त्याला काही अर्थ नसावा आणि तो कधी बदलू नये. टिकर, आयएसआयएन, ब्रोकरचा कोड हे सगळं वेगळ्या तक्त्यात: अंतर्गत क्रमांक, कोडचा प्रकार, कोड, कधीपासून, कधीपर्यंत. व्यवहाराच्या तारखेला जो कोड लागू होता त्यावरून सिक्युरिटी शोधायची. तयार सॉफ्टवेअरमध्ये अशी सोय नसेल तर मी आहे त्याच सिक्युरिटीच्या नोंदीत आयएसआयएन बदलतो आणि शेऱ्यात जुना कोड आणि बदलाची तारीख लिहून ठेवतो. नवी सिक्युरिटी तयार करत नाही.

हे ठासून सांगायचं कारण ब्रोकरचं विवरण. त्यात आयएसआयएन बदलाच्या दोन ओळी असतात: जुन्या कोडचे इतके शेअर बाहेर, नव्या कोडचे इतके शेअर आत. फाइल आयात केली की सॉफ्टवेअर भाबडेपणाने नवी सिक्युरिटी उभी करतं आणि त्या ओळी विक्री-खरेदी म्हणून धरतं. मग न झालेला नफा झालेला दिसतो, खरेदीची तारीख आजची होते आणि अल्पकालीन-दीर्घकालीन हे गणितच कोलमडतं. २०२३ मध्ये लिंडे कंपनीच्या अंतर्गत पुनर्रचनेत एका जुन्या शेअरला एक नवा शेअर मिळाला आणि आयएसआयएन बदलला. गुंतवणूकदाराच्या दृष्टीने काहीच बदललं नव्हतं, पण आयात केलेल्या फाइलीत तो पूर्ण ‘व्यवहार’ दिसतो. या दोन्ही ओळी मी काढून टाकतो आणि फक्त पाटी बदलतो. खरं विलीनीकरण असेल, म्हणजे एका कंपनीच्या शेअरऐवजी दुसऱ्या कंपनीचे मिळाले असतील, तर मात्र दोन वेगळ्या सिक्युरिटी हव्यातच.

आता गुणोत्तर. इथे वाचण्यात चूक होते. अमेरिकी पद्धतीचं ‘२:१ स्प्लिट’ म्हणजे एकाचे दोन. ‘२:१ बोनस’ म्हणजे एकावर दोन नवे, एकूण तीन. दर्शनी मूल्य १० वरून २ झालं तर गुणक ५. मी गुणोत्तर नेहमी ‘आधी इतके, नंतर एकूण इतके’ असं लिहून घेतो. ग्नूकॅश या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या स्प्लिट सहायकात तर गुणोत्तर विचारतच नाहीत, वाढलेल्या शेअरची संख्या विचारतात: १० शेअरवर ४:१ असेल तर तिथे ३० लिहायचं, ४० नाही. पोर्टफोलिओ परफॉर्मन्स या सॉफ्टवेअरमध्ये तारीख आणि गुणोत्तर दिलं की कोणते व्यवहार आणि कोणते भाव बदलणार हे आधी दाखवतात, भाव बदलायचे की नाही हे वेगळी खूण करून ठरवता येतं. ती खूण न बघता पुढे जाऊ नका.

का, ते सांगतो. बहुतेक भावपुरवठादार स्प्लिटनंतर मागचा सगळा इतिहास नव्या एककात बदलून देतात. आपलं सॉफ्टवेअर मात्र रोज फक्त नवे भाव उतरवतं, जुने डेटाबेसमध्ये पडून असतात तसेच राहतात. अशा वेळी दोन रस्ते आहेत: साठवलेले भाव गुणोत्तराने भागायचे, किंवा ते पुसून संपूर्ण इतिहास पुन्हा उतरवायचा. दोन्हींपैकी एकच करा. आधी इतिहास उतरवून मग तो भागला तर भाव दोनदा आटतो. मी पुसून उतरवतो, पण स्प्लिटच्याच दिवशी नाही. पुरवठादाराला इतिहास बदलायला कधी एक-दोन दिवस लागतात आणि त्या मधल्या काळात उतरवलेली माळ अर्धी जुनी अर्धी नवी येते.

पडताळणीला अ‍ॅपल उत्तम. त्याचे दोन स्प्लिट लागोपाठ सापडतात: ९ जून २०१४ ला ७:१ आणि ३१ ऑगस्ट २०२० ला ४:१. ६ जून २०१४ चा प्रत्यक्ष बंद भाव ६४५.५७ डॉलर होता. त्या तारखेला तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ६४५.५७ दिसला तर भाव मूळ आहेत, ९२.२२ दिसला तर फक्त पहिला स्प्लिट धरलेला आहे, २३.०६ दिसला तर दोन्ही धरलेले आहेत. साधारण ५.७६ दिसला तर कुणीतरी ४:१ दोनदा लावलाय. हाच उपाय कोणत्याही शेअरला लागतो: जुन्या कॉन्ट्रॅक्ट नोटवरचा (ब्रोकरने दिलेल्या व्यवहाराच्या पावतीवरचा) खरेदी भाव घ्यायचा आणि सॉफ्टवेअरमधल्या त्या दिवसाच्या भावाशी भागून बघायचं. भागाकार १ किंवा नेमका एकूण गुणक आला पाहिजे, थोडाफार फरक दिवसातल्या चढउताराचा.

मग व्यवहार भावांच्याच एककात आणायचे. भाव मूळ ठेवले असतील तर व्यवहार मूळ ठेवून स्प्लिट ही वेगळी घटना म्हणून नोंदवावी. भाव बदललेले असतील तर जुने व्यवहारही बदलावेत: संख्या गुणायची, दर भागायचा, एकूण रक्कम आणि तारीख जशीच्या तशी. अ‍ॅपलमध्ये ९ जून २०१४ च्या आधीच्या खरेदीला २८ ने, त्यानंतर ३१ ऑगस्ट २०२० च्या आधीपर्यंतच्या खरेदीला ४ ने, पुढच्याला काही नाही. लाभांश नोंदवताना सॉफ्टवेअर प्रतिशेअर रक्कम मागत असेल तर तीही त्याच गुणकाने भागायची, एकूण रक्कम मागत असेल तर हात लावायचा नाही. याहू फायनान्सवरचा साधा बंद भाव फक्त स्प्लिटसाठी बदललेला असतो, तर ‘अ‍ॅडजस्टेड’ बंद भावात लाभांशही वजा झालेला असतो. लाभांश स्वतः नोंदवत असाल तर मूल्यमापनाला तो दुसरा स्तंभ वापरू नका, लाभांश दोनदा मोजला जातो.

तारीख एक्स-डेटची, म्हणजे नव्या एककात व्यवहार सुरू होतात त्या दिवसाची. अ‍ॅपलच्या २०२० च्या स्प्लिटची रेकॉर्ड डेट (कंपनी भागधारकांची यादी धरते तो दिवस) २४ ऑगस्ट होती, पण भाव बदलला ३१ तारखेला. खात्यात नवे शेअर जमा झाल्याची तारीख टाकली तर मधले दिवस जुनी संख्या आणि नवा भाव अशी जोडी जमते आणि आलेखात खड्डा पडतो. एक्स-डेटच्याच दिवशी विक्री केली असेल तर स्प्लिटची नोंद तिच्या आधी लागली पाहिजे. मी स्प्लिटला मध्यरात्रीची वेळ देतो.

अपूर्णांकात खरी किचकट जागा आहे. ३:२ स्प्लिट, १५ शेअर, प्रत्येकी ३० डॉलरचे, एकूण ४५०. स्प्लिटनंतर २२.५ होतात, खात्यात २२ येतात आणि अर्ध्या शेअरचे पैसे मिळतात, समजा ११ डॉलर. मी आधी पूर्ण २२.५ नोंदवतो, प्रत्येकी खरेदी मूल्य २०. मग ०.५ शेअर ११ डॉलरला विकल्याची नोंद करतो. त्याचं खरेदी मूल्य १०, नफा १. थेट २२ टाकले आणि ११ डॉलर लाभांशात ढकलले तर प्रतिशेअर खरेदी मूल्य २०.४५ होऊन बसतं आणि पुढच्या प्रत्येक विक्रीत ती चूक झिरपते. शिवाय ब्रोकर सहसा पूर्ण खात्याच्या संख्येवर अपूर्णांक काढतो, लॉटनिहाय (प्रत्येक वेगळ्या खरेदीवर) नाही. ५-५-५ चे तीन लॉट असतील आणि सॉफ्टवेअरने प्रत्येकातला ७.५ खाली आणून ७ केला तर २१ शेअर होतात, खात्यात २२ आहेत. लॉट अपूर्णांकातच राहू द्यायचे. गुणोत्तरही दोन पूर्णांक म्हणून साठवायचं: १:३ ऐवजी ०.३३३३ लिहिलं तर ३,००० शेअरचे ९९९.९ होतात.

रिव्हर्स स्प्लिट आणि नवा आयएसआयएन एकत्र आले तर आधी त्याच नोंदीवर स्प्लिट लावतो, मग अपूर्णांकाची विक्री, मग कोड बदल, सर्वांत शेवटी भाव उतरवणं. जनरल इलेक्ट्रिकचे १०० शेअर असतील तर १२.५, त्यातला अर्धा रोखीत, उरले १२.

डीमर्जरला (कंपनीचा एखादा भाग वेगळी कंपनी होण्याला) स्प्लिट समजू नये. जनरल इलेक्ट्रिकमधूनच जानेवारी २०२३ मध्ये हेल्थकेअर आणि एप्रिल २०२४ मध्ये व्हर्नोव्हा वेगळ्या झाल्या. अशा वेळी काही भावस्रोत हजाराच्या भाजकाचा एखादा विचित्र ‘स्प्लिट’ दाखवतात, तो फक्त आलेख सलग दिसावा म्हणून. स्प्लिट आपोआप लावण्याची सोय चालू असेल तर खात्यात नसलेले शेअर वाढतात. तिथे नवी सिक्युरिटी तयार करून खरेदी मूल्य कंपनीने जाहीर केलेल्या प्रमाणात वाटायचं.

सगळं जुळल्यावरही जुनं विवरण पुन्हा आयात झालं की घोळ परत येतो. बदललेल्या नोंदीत ४० शेअर १२५ दराने आहेत, फाइलीत १० शेअर ५०० दराने. संख्या वेगळी म्हणून दुबार नोंद ओळखली जात नाही, आणि जुना आयएसआयएन सापडला नाही तर सिक्युरिटीही दुसरी बनते. त्यासाठी शेऱ्यात मी एक ओळ कायम ठेवतो: कुठल्या तारखेपर्यंतचे व्यवहार कुठल्या गुणकाने बदलले, आधीचा कोड काय. त्या तारखेआधीची फाइल आली तर आयात करण्यापूर्वी एकूण रकमेवरून दुबार शोधतो. रक्कम स्प्लिटमध्ये बदलत नाही, त्यामुळे ती जुळते.