बारा बार मोजू नकोस

शिकागोत ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं जुनं संगीत वाजवणाऱ्या बँडमधे बेस, म्हणजे जाड सुरांची गिटार, वाजवतो म्हटलं की लोकांना वाटतं रोज रात्री नुसती मजा. खरं तर हा धंदा फोनवर चालतो, कुणाचा तरी बेसवाला आजारी पडतो, मग आपल्याला फोन येतो आणि अ‍ॅम्प डिकीत टाकून निघायचं.

त्या शुक्रवारी असाच भर दुपारी फोन. गाणारे मूळ मिसिसिपीचे, सत्तरी ओलांडलेले, गिटारही स्वतःच वाजवणार. रिहर्सल नाही, सेटलिस्ट नाही. गाणी कुठली विचारलं तर ड्रमर म्हणाला, ई नाहीतर ए पट्टीमधे असेल काहीतरी, तू ये फक्त.

आता ब्लूजचा साचा म्हणजे बारा बार, एक बार म्हणजे चार ठोक्यांचं एक आवर्तन. कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर, आणि वन, फोर, फाइव्ह म्हणजे पट्टीतल्या पहिल्या, चौथ्या, पाचव्या सुरावरची कॉर्ड. चार बार वन कॉर्ड, दोन बार फोर, परत दोन वन, मग एक फाइव्ह, एक फोर आणि शेवटचे दोन टर्नअराउंडचे, म्हणजे परत सुरुवातीकडे वळवणारे. हे झोपेत वाजवता येतं. पण पहिल्याच गाण्यात कीबोर्डवाला पाचव्या बारला नियमाप्रमाणे फोरवर गेला आणि गाणारे आजोबा अजून वनवरच, ओळ संपली नव्हती ना त्यांची! पुढचा अंतरा साडेअकरा बारमधेच आटोपला. ड्रमर माझ्याकडे वाकून ओरडला, मोजू नकोस, त्यांच्याकडे बघ.

मग बघायला लागलो. कॉर्ड बदलायच्या आधी त्यांचा डावा अंगठा गिटारच्या मानेवर किंचित वर सरकायचा, आणि ओळ लांबवायची असली की श्वास घेताना खांदा उचलला जायचा. कीर्तनात बुवा अभंगाची ओळ घोळवत बसतात आणि पखवाजवाला तोंडाकडे बघत थांबतो ना, सेम तसंच. जुने ब्लूज गायक जॉन ली हूकर असेच, कॉर्ड मनाला येईल तेव्हा बदलणार, 1948 मधे डेट्रॉइटला त्यांचं पहिलं गाजलेलं रेकॉर्डिंग झालं त्यात बँडच नाही, फक्त गिटार आणि पायाचा ठेका. दुसऱ्या सेटला मी निम्म्या नोट्स गाळल्या आणि गाणं एकदम सुटं झालं.

ब्रेकमधे आजोबांना विचारलं की आयुष्यभर हेच केलंत का. हसले. म्हणाले, बसडेपोत मेकॅनिक होतो पोरा, पेन्शन तिथली, हे शुक्रवार-शनिवारचं. ब्लूजमधले मोठे गायक-गिटारवाले मडी वॉटर्स 1943 ला शिकागोत आले तेव्हा दिवसा ट्रक चालवायचे, तसेच बडी गाय साठच्या दशकात बंद गाड्या ओढणाऱ्या टो ट्रकवर होते, त्यामुळे मला फार नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते पुढचं ऐकून. तरुणपणी दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर बरीच गिटार वाजवली त्यांनी, ती गाणी अजून रेडिओवर लागतात, पण अमेरिकेत एफएम रेडिओ पैसे देतो ते गाणं लिहिणाऱ्याला आणि त्याच्या पब्लिशरला, वाजवणाऱ्याला नाही. लिहिणाऱ्यात नाव घालून घ्यायला हवं होतं, एवढंच बोलले आणि तिसऱ्या सेटला उठले. (मी घरी येऊन पहिलं काम काय केलं असेल तर ज्या दोन गाण्यांची चाल मी बसवली होती त्यांचे कागद शोधले.)

रात्री हातात शंभर डॉलर आणि टिप जारमधला वाटा, पार्किंग त्यातूनच. पण आजोबांच्यामागे मी टिकलो म्हणून ड्रमरने माझं नाव चारचौघांना सांगितलं, आणि आता ज्यांच्यामागे वाजवायला कुणी तयार नसतं अशा सगळ्यांचे फोन मलाच येतात. रेट मात्र तोच.