कॉम्प्रेसर लॉगर, भाग ७ : मल्टिमीटरवर आले २४ ओहम

भोसरीतल्या मामाच्या शेडमधल्या कॉम्प्रेसरचा हवेचा दाब सतत नोंदवणारी यंत्रणा मी बनवतेय : मशीनजवळच्या छोट्या पेट्या (नोड) एकाच सामायिक तारजोडीवरून (बस) रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला वाचनं पाठवतात. गेल्या वेळी टाकलेला प्रेशरचा आलेख कृपया विसरून जा. तो खोटा होता. चाळीस मिनिटं ६.९ बारवर सरळ रेषा, आणि मी आपली खूश, की सिग्नल किती स्वच्छ येतोय! मामाने मोबाईलवर बघितलं आणि लगेच म्हणाला, "अगं, हे कसं शक्य आहे? दर दोन-तीन मिनिटांनी कॉम्प्रेसर लोड-अनलोड होतोय. केबिनमध्ये बसून ऐकू येतं मला." (लोड म्हणजे हवा भरणं, अनलोड म्हणजे न भरता नुसतं फिरणं.) भोसरीच्या त्या शेडमध्ये त्याची तीस वर्षं गेली आहेत. मी त्याच्या कानावर विश्वास ठेवला आणि घरी येऊन वाचनं गोळा करणारा प्रोग्रॅम, म्हणजे फ्लो, उघडला.

तो नोड-रेडमध्ये केलाय. त्याच्या एका फंक्शनमध्ये मीच कधीतरी तात्पुरती म्हणून ओळ टाकली होती : टाइमआउट आला (वेळेत उत्तर आलं नाही) की मागचं वाचन पुन्हा लिही. म्हणजे नोड ३ गप्प होता आणि इन्फ्लक्स या डेटाबेसमध्ये ६.९ वर ६.९ साठत होते. ती ओळ काढली. आता प्रत्येक वाचनासोबत दर्जाचं वेगळं फील्ड जातं : ठीक, टाइमआउट किंवा सीआरसी चूक (निरोप वाटेत बिघडला). फसलेल्या वाचनाला किंमत नाही, फक्त वेळ आणि कारण. आलेखात भोकं पडली, पण ती खरी भोकं आहेत. माझं ठाम मत झालंय की मोजता आलं नाही, हीसुद्धा नोंद आहे आणि ती साठवलीच पाहिजे.

त्या नोंदींमुळेच पुढचा माग लागला. चुका सगळ्या माझ्या ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलरवर बनवलेल्या तीन नोडवर, आणि बहुतेक सीएनसी मशीनचा स्पिंडल वेग घेताना. साहजिकच व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणारा, विजेचा गोंगाट करणारा ड्राइव्ह) संशय गेला. पुण्याच्या तपकीर गल्लीतून शील्डेड ट्विस्टेड पेअर, म्हणजे धातूचं आवरण असलेली पिळाची तारजोडी, आणली (टोक सोलून पीळ बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, आधी साधी चार कोअर पुढे करतात), पॉवर केबलपासून फूटभर लांबून ओढली, शील्ड एकाच टोकाला अर्थ केली. एक अख्खा रविवार गेला. चुका कमी झाल्या, थांबल्या नाहीत. बॉड रेट (निरोप पाठवायचा वेग) ९६०० वरून ४८०० केला, टाइमआउट वाढवला, दोन निरोपांच्या (फ्रेमच्या) मधली शांतता किमान लागणाऱ्या साडेतीन कॅरेक्टरच्या वेळेपेक्षा बरीच जास्त ठेवून पाहिली. नोड ३ चा आडमुठेपणा कायम.

शेवटी मंगळवारी रात्री सगळं बंद करून बसच्या ए आणि बी तारांमध्ये मल्टिमीटर लावला. दोन टोकांना १२० ओहमचे दोन टर्मिनेटर (सिग्नल टोकावरून परत फिरू नये म्हणून लावलेले रोध), म्हणजे समांतर ६० यायला हवेत. आले २४! पाच वेळा १२०. दोन कुठले ते माहीत होतं : पायच्या यूएसबी अडॅप्टरमधला आणि लांबच्या टोकाला मी जोडलेला. उरलेले तीन माझ्या नोडमधल्या निळ्या मॅक्स४८५ मॉड्यूलवर (नोडला बसशी जोडणारी पट्टी) आर७ म्हणून आधीच बसलेले. दोघांच्या जोडणीत ते मॉड्यूल उत्तम चालतं, बसवर ओळीने लावलं की प्रत्येक जण लाइन दाबतो. या बसचं मानक आरएस-४८५. त्याचा ड्रायव्हर (सिग्नल पाठवणारा भाग) ५४ ओहमवर किमान दीड व्होल्ट देईल या हिशेबाने बनतो. २४ वर ए आणि बीमधला व्होल्टेजचा तो फरक आकसतो आणि मग व्हीएफडीचा गोंधळ सहज बिट उलटवतो. दोन्ही कारणं खरी होती, म्हणून एकटी केबल पुरली नाही.

आर७ काढायला सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर जरा जास्त सोल्डर घेऊन दोन्ही बाजू एकदम तापवायच्या, लगेच सुटते. तिन्ही काढल्या. मीटरवर ६०. ते ६० बघून जो आनंद झाला तो डॅशबोर्ड पहिल्यांदा चालला तेव्हाही झाला नव्हता. काल नोड ३ वर ८ तासांत, दर २ सेकंदांनी, १४,४०० वाचनं झाली. चुका ३. आणि प्रेशरची सुंदर करवत दिसतेय : ६.५ ते ७.५, वर-खाली, मामाच्या कानाने सांगितली तशीच.

आता साठवण. बदल ०.०५ बारपेक्षा कमी असेल तर लिहायचं नाही, असा डेडबँड लावणार आहे. पण बदल नसला तरी मिनिटाला एक नोंद सक्तीची. नाहीतर स्थिर प्रेशर आणि मेलेला नोड पुन्हा सारखेच दिसतील. घड्याळासाठी पायला डीएस३२३१ जोडलंय, वीज गेल्यावर वेळ भरकटायची ती थांबली.

या आठवड्यात इन्फ्लक्स सोडून टाइमस्केल या डेटाबेसवर जायचं ठरवलं होतं. पण लिहिता लिहिता वेगळंच सुचलं. करवत इतकी स्पष्ट आहे, तर हवेची गळती मोजता येईल! शेडमध्ये कोणी हवा वापरत नसताना कॉम्प्रेसर चालवायचा, लोडचा वेळ भागिले लोड अधिक अनलोड, गुणिले शंभर. गुरुवारी भोसरी बंद असते, त्याहून चांगला दिवस नाही. शिवाय कॉम्प्रेसरचा एनर्जी मीटर त्याच बसवर आहे. स्क्रू कॉम्प्रेसर अनलोडमध्येही पूर्ण भाराच्या साधारण पाव ते एक तृतीयांश वीज खातो, म्हणून लोड कधी आणि अनलोड कधी हे किलोवॅटवरूनही ताडता येईल. टाइमस्केल थांबेल.

मामाला फोन केला. गुरुवारी वीज देखभालीसाठी बंद नसेल तर सकाळी ९ ला शटर उघडतो म्हणाला. मिलिंगमागच्या होजला फुसफुस आहे, त्याला टेप मारायची नाही असं मी बजावलंय. आधी आहे तशी मोजू दे.